ताज्या काँक्रीटची घनता आणि प्रवाहीपणा : हलक्या मालाला नेहमीचाच स्लम्प लावावा का?

ओळंबा

नमस्कार. पुण्यातील एका जुन्या तीन मजली इमारतीवर चौथा मजला चढवण्याचे काम सध्या माझ्या देखरेखीखाली सुरू आहे. पायाची तपासणी झाल्यावर सल्लागार अभियंत्यांनी नव्या मजल्याचा भार कमी ठेवण्यासाठी हलके काँक्रीट सुचवले. त्यात काळ्या खडीऐवजी औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचे भट्टीत भाजलेले गोळे वापरले आहेत आणि ताज्या मालाची घनता घनमीटरला साधारण १८५० किलो येते. काळ्या दगडाच्या खडीचे जे काँक्रीट आमच्याकडे रोज येते, ते २५०० च्या आसपास असते.

कामाच्या तपशिलात स्लम्प (शंकूत भरलेला ताजा माल शंकू उचलल्यावर जितका खाली खचतो ते माप) १०० मिमी असावा आणि त्यात २५ मिमीची सूट असावी, असे लिहिलेले आहे. हा आकडा नेहमीच्या काँक्रीटच्या तपशिलातून तसाच उचललेला आहे. पहिल्या गाडीचा स्लम्प ६५ मिमी आला. मुकादमांनी फावड्याने माल ओढून पाहिला आणि ते म्हणाले, "साहेब, माल हाताला घट्ट लागत नाही, आरामात बसेल." तरीही लिहिलेल्या नियमाप्रमाणे मी ती गाडी परत पाठवली. दुसरी गाडी ११० मिमीची आली, कारण पुरवठादाराने पाणी आणि माल सैल करणारे रसायन दोन्ही वाढवले होते. तो माल स्लॅबवर पसरून व्हायब्रेटर फिरवल्यावर अर्ध्या मिनिटात राखेचे गोळे वर तरंगून आले. गवंडी थापी फिरवत होते तेव्हा ते गोळे थापीखाली घरंगळत होते, त्यांच्या मागे ओरखडे उमटत होते, आणि शेवटी वरून वेगळा बारीक माल ओतून पृष्ठभाग सारखा करावा लागला.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मालाची घनता कमी असल्यामुळेच स्लम्प कमी दिसतो का? आणि तसे असेल, तर हलक्या मालासाठी स्वीकृतीचा आकडा कोणत्या आधारावर ठरवावा? उरलेला स्लॅब अजून भरायचा आहे, म्हणून विचारतो आहे.

बेसाल्ट

तुमच्या मुकादमांनी फावड्याने केलेली परीक्षा बरोबर होती, हे आधी स्पष्टपणे सांगतो. आता त्याचे कारण पाहू.

ताजे काँक्रीट पाण्यासारखे वाहत नाही. वाटीत श्रीखंड घेतले तर त्याचा चमच्याने केलेला उंचवटा तसाच राहतो. त्याच वाटीतला मध मात्र कितीही घट्ट असला तरी हळूहळू सपाट होतोच. श्रीखंडाला हलायला लावण्यासाठी एक किमान ताण द्यावा लागतो, त्याला आपण उंबरठा ताण म्हणू. तो ओलांडला की माल वाहू लागतो, आणि मग तो किती वेगाने वाहील हे श्यानतेवर, म्हणजे अंतर्गत चिकटपणावर ठरते. उंबरठा ताण आणि श्यानता या दोन राशींनी वर्णन होणाऱ्या पदार्थांना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बिंगहॅम यांच्या नावाने ओळखले जाते. काँक्रीटला हे वर्णन लागू पडते आणि त्यासाठी एका नव्हे तर दोन मापांची गरज आहे, हा आग्रह इंग्लंडमध्ये टॅटरसॉल यांनी १९७० च्या दशकात धरला.

स्लम्पचा शंकू ३०० मिमी उंच असतो. तो उचलला की मालाला खाली ओढणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मालाचे स्वतःचे वजन. आपण त्याला बाहेरून काहीही ढकलत नाही. माल खचत जातो, पसरत जातो, उंची कमी होते, तसा तळाशी येणारा ताणही कमी होत जातो, आणि ज्या क्षणी तो उंबरठा ताणाच्या खाली जातो त्या क्षणी माल थांबतो. म्हणून स्लम्प हा केवळ उंबरठा ताणाचे माप नाही. उंबरठा ताणाला घनतेने भागून जे येते, त्याचे ते माप आहे. घनता कमी झाली की ओढणारे बळ कमी होते आणि तितकाच सैल असलेला माल शंकू उचलल्यावर जास्त उंच उभा राहतो.

आकड्यांत सांगायचे तर फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात झालेल्या कामातून एक सोपे सूत्र पुढे आले : ३०० मधून स्लम्प वजा करावा, त्याला घनतेने गुणावे आणि २७० ने भागावे, म्हणजे उंबरठा ताण पास्कलमध्ये मिळतो. पुढे फेरारिस आणि द लारार यांनी १९९८ मध्ये त्यात सुधारणा करून भाजक ३४७ केला आणि २१२ ची भर घातली. तुमच्या पहिल्या गाडीला सुधारित सूत्र लावा. ३०० वजा ६५ म्हणजे २३५, घनता १८५०, आणि उत्तर येते साधारण १४६५ पास्कल. आता २५०० घनतेच्या काळ्या खडीच्या मालाचा उंबरठा ताण नेमका तेवढाच असेल, तर त्याचा स्लम्प किती दिसेल? साधारण १२६ मिमी. मूळ सूत्र वापरले तरी ही तुलना बदलत नाही, कारण दोन्ही सूत्रांत घनता त्याच रीतीने येते.

म्हणजे तुम्ही परत पाठवलेली गाडी कामाच्या दृष्टीने सव्वाशेच्या स्लम्पची होती. हलक्या खडीच्या काँक्रीटसंबंधी ५० ते ७५ मिमी स्लम्प हा नेहमीच्या काँक्रीटच्या १०० ते १२५ मिमीच्या तोडीचा मानावा, असा जो जुना दंडक आहे, तो याच गणिताचा अनुभवातून आलेला अवतार आहे. मात्र ही सूत्रे प्रामुख्याने नेहमीच्या घनतेच्या मालावर बेतलेली आहेत. त्यांतून दिशा आणि अंदाज घ्यावा, पण करारातला आकडा चाचणी मिश्रणावरूनच ठरवावा.

परांची

बेसाल्ट यांचे विवेचन पटते, पण त्यातून "घनता कमी म्हणजे प्रवाहीपणा कमी" असा सरसकट निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून दोन उलट उदाहरणे मांडतो.

हवा धरून ठेवणारे रसायन मालात घातले की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, घनता घटते आणि स्लम्प मात्र वाढतो. दुसरे उदाहरण तर प्रत्येक साइटवरचे आहे. गाडीत पाणी ओतले की घनता घटते, कारण पाणी हा मिश्रणातला सर्वांत हलका घटक आहे, आणि स्लम्प वाढतो. वीस वर्षांच्या कामात मी जितक्या वेळा घनता घटताना पाहिली, त्यांतल्या बहुतेक वेळा माल सैलच झालेला होता. मग घनतेचा आणि प्रवाहाचा संबंध नक्की कोणत्या दिशेचा मानायचा?

बेसाल्ट

परांची, आक्षेप रास्त आहे. घनता दोन वेगळ्या वाटांनी प्रवाहावर परिणाम करते आणि त्या वाटा एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

पहिली वाट वजनाची आहे, जी मी वर मांडली. दुसरी वाट अशी की, ज्या कारणाने घनता बदलली, तेच कारण मालाचा उंबरठा ताण आणि श्यानता हेही बदलून टाकते. हवेचे उदाहरण घ्या. समजा, २४०० घनतेच्या मालाचा स्लम्प १०० मिमी आहे आणि त्यात ५ टक्के हवा वाढली, तर घनता २२८० वर येईल. केवळ वजनाचा परिणाम धरला तर सूत्राप्रमाणे स्लम्प १०० वरून ९० च्या आसपास उतरायला हवा. प्रत्यक्षात तेवढ्या हवेने तो १५ ते ५० मिमी वाढतो, कारण बुडबुड्यांमुळे खडीच्या दाण्यांमधल्या लगद्याचे आकारमान वाढते, दाणे एकमेकांपासून थोडे दूर जातात आणि घर्षण कमी होते. वजनाने १० मिमी हिरावून घेतले, बुडबुड्यांनी त्याहून बरेच अधिक परत दिले. पाण्याच्या बाबतीत तर वजनाचा परिणाम इतका किरकोळ आहे की तो विसरलेलाच बरा.

ओळंबा यांच्या कामात स्थिती वेगळी आहे. तिथे घनता कमी झाली ती खडीच्या दाण्याच्या आतल्या पोकळीमुळे. दाण्याबाहेरचा लगदा जवळपास तोच राहिला, त्यामुळे लगद्याने काही परत दिले नाही आणि वजनाचा परिणाम उघडा पडला. गोळ्यांचा गोल आकार प्रवाहाला थोडी मदत करतो, हे मात्र मान्य करायला हवे.

गाभारा_३६००

माझा अनुभव नेमका दुसऱ्या टोकाचा आहे, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या किरणोपचार कक्षाच्या भिंती आम्ही भरल्या. किरण अडवण्यासाठी हेमॅटाइटची, म्हणजे जड लोहखनिजाची खडी वापरून ३६०० घनतेचे काँक्रीट मागवले होते. तिथेही स्लम्पचा आकडा नेहमीच्या कामातूनच उचललेला होता.

शंकू उचलला की माल झपकन खाली बसायचा आणि तो फार सैल आहे असे वाटायचे. आम्ही पुरवठादाराला पाणी कमी करायला सांगितले, स्लम्प मागितल्याप्रमाणे आणला आणि मग लक्षात आले की तो माल भिंतीच्या जाळीत उतरतच नाही. सळयांच्या मागे तो अडकून राहायचा, निडल (व्हायब्रेटरची मालात घालायची कांडी) वारंवार घालावी लागायची. आज बेसाल्ट यांचे गणित वाचताना ते कोडे सुटले. ओळंबांच्या मालात आकडा खरी सैलता लपवत होता, आमच्या मालात तो खरा घट्टपणा लपवत होता. जड माल स्वतःच्या वजनाने शंकूत बसतो, पण सळयांच्या फटीतून वाट काढताना त्याला आडवे सरकावे लागते आणि तिथे उंबरठा ताण पूर्ण ताकदीने आडवा येतो.

आणखी एक धडा शटरिंगचा, म्हणजे माल ओतायच्या साच्याचा. ताजे काँक्रीट द्रवासारखे साच्यावर बाजूने दाबते. तीन मीटर उंची एकदम भरली तर २४०० घनतेच्या मालाचा तळाशी दाब चौरस मीटरला सुमारे ७० किलोन्यूटन होतो, म्हणजे जवळपास सात टनांचे वजन एका चौरस मीटरवर. ३६०० घनतेला तोच दाब १०५ च्या वर जातो. आमच्या भिंतीचा तळाचा प्लायवूड दोन ठिकाणी फुगला, कारण टाय-रॉडचे (साच्याच्या दोन बाजू एकमेकींना बांधून धरणाऱ्या सळयांचे) अंतर नेहमीच्या भिंतीसाठी काढलेले होते. त्यानंतर आम्ही एका वेळी एक मीटरपेक्षा जास्त उंची भरली नाही. गाड्यांचेही गणित बदलते. सहा घनमीटर नेहमीचा माल म्हणजे साडेचौदा टन, त्याच वजनात जड माल चारच घनमीटर येतो. ही बाब आधी न ठरवल्यास गाडी वजनाच्या मर्यादेबाहेर जाते.

चाळण_४७५

मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत काम करते. ओळंबा यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले आहे, पण त्यांच्या दुसऱ्या गाडीत जे घडले, म्हणजे गोळे तरंगून वर आले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिथे संपूर्ण मालाच्या घनतेचा संबंध नाही. खडीचा दाणा आणि त्याच्या भोवतीचा वाळू-सिमेंटचा लगदा यांच्या घनतांमधला फरक तिथे काम करतो.

वाळू-सिमेंटच्या ओल्या लगद्याची घनता २२०० धरा. काळ्या खडीच्या दाण्याची घनता २९०० असते, म्हणजे फरक ७०० चा, आणि दाणा खाली जाऊ पाहतो. राखेच्या गोळ्याची घनता १५०० च्या आसपास असते, म्हणजे फरक पुन्हा ७०० चाच, पण उलट दिशेचा, आणि गोळा वर येऊ पाहतो. दोन्ही दाणे २० मिमीचे असतील तर त्यांच्यावरचे बळ सारखेच आहे. आपल्या डोळ्यांना खाली बसलेली खडी स्लॅबच्या पोटात दिसत नाही, तरंगलेले गोळे मात्र लगेच दिसतात, एवढाच फरक आहे.

लगदा दाण्याला धरून ठेवतो तो त्याच्या उंबरठा ताणाच्या जोरावर. त्यासाठी लागणारा किमान ताण काढण्याची एक रीत संशोधक रूसेल यांनी २००६ मध्ये मांडली : घनतेतला फरक, गुरुत्वाकर्षण आणि दाण्याचा व्यास यांच्या गुणाकाराचा अठरावा भाग. वरच्या उदाहरणात तो साधारण ८ पास्कल येतो. स्लम्पच्या मालाचा ताण हजार-दीड हजार पास्कल असतो, लगद्याचा त्याहून कमी असला तरी ८ पास्कलपेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे माल स्वस्थ असताना एकही गोळा हलत नाही. पण निडल आत गेली की तिच्या भोवतालचा लगदा थरथरतो आणि तेवढा वेळ त्याचा उंबरठा ताण जवळजवळ नाहीसा होतो. मग दाण्याला अडवायला फक्त श्यानता उरते. पाणी वाढवून तुम्ही ती श्यानताही उतरवली. पहिल्या गाडीत श्यानता शाबूत होती, म्हणून तोच व्हायब्रेटर तिथे इतके नुकसान करू शकला नसता.

गाभारा_३६०० यांच्यासाठी एक गोष्ट. हेमॅटाइटचा दाणा ४९०० च्या आसपास असतो. साध्या वाळूच्या लगद्यात तो टाकला तर फरक २७०० होतो आणि लागणारा किमान ताण ८ वरून ३० पास्कलजवळ जातो. म्हणून जड काँक्रीटमध्ये वाळूही हेमॅटाइटचीच घालतात. त्यामागे एकूण घनता वाढवणे हा हेतू असतोच, पण लगदा जड करून दाण्याचे बुडणे रोखणे हाही हेतू तितकाच मोलाचा आहे.

नदीकाठ

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला स्वतः पसरणाऱ्या काँक्रीटवर प्रकल्प दिला आहे. तिथे उंचीतली घट न मोजता पसरलेल्या मालाचा व्यास मोजतात. घनतेचा परिणाम तिथेही एवढाच मोठा असतो का?

चाळण_४७५

चांगला प्रश्न विचारलास. परिणाम असतो, पण बराच सौम्य. माल पातळ चकतीसारखा पसरतो तेव्हा रूसेल आणि कुसो यांनी २००५ मध्ये दाखवल्याप्रमाणे उंबरठा ताण हा घनतेच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. उलट बाजूने पाहिले तर त्रिज्या ही घनतेच्या पाचव्या मुळाप्रमाणे बदलते. २५०० घनतेचा माल ६५० मिमी व्यासापर्यंत पसरला, तर तेवढ्याच उंबरठा ताणाचा १८५० चा माल साधारण ६१० मिमी पसरेल. पसरण्याच्या चाचणीत एवढा फरक दोन माणसांनी शंकू वेगवेगळ्या वेगाने उचलला तरी पडू शकतो.

मात्र या मालाचा उंबरठा ताण मुळातच फार लहान असतो. २४०० घनतेच्या मालाला ६५० मिमी व्यासासाठी तो सुमारे ३५ पास्कल येतो आणि ७५० मिमीसाठी १७ च्या आसपास. मागच्या प्रतिसादातल्या ८ आणि ३० पास्कलशी हे आकडे ताडून पाहा. शिवाय दाण्याला धरणारा लगद्याचा ताण यापेक्षाही कमी असतो. म्हणून स्वतः पसरणारा माल किती पसरतो यापेक्षा तो एकजीव राहतो का, हे आधी पाहावे. चकतीच्या कडेला खडीविना नुसत्या लगद्याचे किंवा पाण्याचे कडे दिसले, तर व्यास कितीही सुंदर आला तरी तो माल वापरू नये.

तुझ्या प्रकल्पात नरसाळ्यातून माल रिकामा होण्याचा वेळही मोजत असशील. तो वेळ साधारणपणे श्यानतेला घनतेने भागून येणाऱ्या राशीवर अवलंबून असतो. दोन मालांची श्यानता सारखी असेल, तर हलका माल नरसाळ्यातून सावकाश उतरेल. वेळ जास्त आला म्हणून तो अधिक चिकट आहे, असे लगेच लिहू नकोस. आधी घनतेचा हिशेब कर.

बूमपंप

पंपाच्या बाजूने थोडे. हलका माल म्हणजे पंपाला सोपा माल, असे अनेकांना वाटते. ओळंबांच्या इमारतीची उंची १५ मीटर धरली, तर २५०० घनतेच्या मालाचा नुसता उभा दाब ३.७ बार होतो आणि १८५० च्या मालाचा २.७ बार. म्हणजे बचत एका बारची. पाइपच्या आतल्या घर्षणात यापेक्षा अधिक दाब सहज जातो.

खरी अडचण वेगळी असते. राखेचे गोळे सच्छिद्र असतात. पंपाचा दाब आला की लगद्यातले पाणी त्यांच्या पोकळ्यांत शिरते, माल पाइपमध्येच घट्ट होतो आणि गाडीपाशी ७० असलेला स्लम्प नळीच्या तोंडाशी ३० उरतो. अनेकदा बेंडपाशी, म्हणजे पाइपच्या वळणापाशी, लाइन चोंदते. मग पाइपवर हातोडा मारत कुठे ठणठण आवाज येतो आणि कुठे भरीव आवाज येतो, हे ऐकत चोंदलेला तुकडा शोधावा लागतो. गोळे आदल्या दिवशीच भरपूर भिजवून, वरचे पाणी निथळू देऊन वापरले, तर हा त्रास खूप कमी होतो. भिजलेल्या गोळ्यांमुळे ताज्या मालाची घनता थोडी वाढलेली दिसते, ती कारखान्याच्या नोंदीत वेगळी लिहून ठेवायला सांगा. आणि स्लम्प गाडीपाशी घ्याच, पण नळीच्या तोंडाशीही घ्या.

परांची

घनता साइटवर मोजायची झटपट रीत कोणी सांगेल का? आमच्याकडे स्लम्पचा शंकू असतो आणि क्यूबचे (ताकद तपासण्याच्या घनाकृती ठोकळ्यांचे) साचे असतात, बाकी फारसे काही नसते.

चाळण_४७५

आयएस ११९९ या भारतीय मानकात त्यासाठी ठरावीक भांडे आणि रीत दिलेली आहे, अधिकृत नोंदीसाठी तीच वापरावी. झटपट अंदाजासाठी क्यूबचा साचा पुरेसा आहे. १५० मिमीच्या साच्यात ३.३७५ लिटर माल मावतो. रिकामा साचा वजन करून ठेवायचा, मग थरांनी भरून नीट कुटून, वरून सपाट करून पुन्हा वजन करायचे. काळ्या खडीचा माल ८.४ ते ८.७ किलो भरतो. ओळंबांचा माल ६.२ किलोच्या आसपास भरायला हवा. बाहेरून साच्याला चिकटलेला माल फडक्याने पुसून घ्या. तेवढ्यानेही ५०-६० ग्रॅमचा फरक पडतो.

या वजनातून काय पकडता येते आणि काय नाही, हेही सांगते. २५०० घनतेच्या मालात घनमीटरला २० लिटर पाणी कोणी वाढवले, तर घनता २४७० च्या आसपास येते आणि साच्यातले वजन जेमतेम १०० ग्रॅमने घटते. साइटवरच्या काट्यावर ही चोरी पकडली जाईलच, असे नाही. पण रसायनाची मात्रा चुकून ५ टक्के हवा शिरली, तर वजन सव्वाचारशे ग्रॅमने घटते आणि ते लपत नाही. मालात राहिलेली ५ टक्के पोकळी ताकद सुमारे ३० टक्क्यांनी उतरवू शकते, म्हणून ही तपासणी मला स्लम्पइतकीच आवश्यक वाटते. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. स्लम्प वाढला आणि वजन ठळकपणे घटले, तर हवेचा संशय घ्यावा. स्लम्प वाढला आणि वजन जवळपास तेच राहिले, तर पाणी किंवा रसायन यांची चौकशी करावी.

घाटवाट

चर्चेत एक जोड देतो. जिथे स्लम्प शून्यच असतो, अशा काँक्रीटमध्ये घनता हीच मुख्य कसोटी होते. आपल्याकडे घाटघरला रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे धरण आहे, ते भारतातले या पद्धतीचे पहिले धरण मानले जाते. असा माल शंकू उचलल्यावर जसाच्या तसा उभा राहतो, त्यामुळे त्याची सैलता कंपन देणाऱ्या टेबलावर किती सेकंदांत तो बसतो यावरून मोजतात, आणि रोलर फिरल्यावर थराची घनता मोजून तो पुरेसा दबला की नाही हे ठरवतात. तिथे मालाच्या स्वतःच्या वजनाला काही वाव नाही, सगळे काम बाहेरून दिलेल्या बळाने होते. त्यामुळे शंकूतला वजनाचा खेळ तिथे लागू होत नाही.

ओळंबा

सर्वांचे मनापासून आभार. बेसाल्ट यांचे गणित आणि चाळण_४७५ ताईंचा तरंगण्याचा हिशेब मी छापून सल्लागारांसमोर ठेवला. त्यांनी तो मान्य केला आणि एक मीटर बाय एक मीटरचा नमुना स्लॅब आधी गच्चीच्या कोपऱ्यात भरून पाहायला सांगितले.

काल तो भरला. गोळे आदल्या संध्याकाळपासून भिजवलेले होते, पाणी अजिबात वाढवले नाही. गाडीपाशी स्लम्प ७० आला, नळीच्या तोंडाशी ६०. साच्यातले वजन ६.३ किलो भरले. निडल एका जागी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू दिली नाही आणि ती नेहमीपेक्षा जवळजवळ अंतरावर घातली. माल सळयांखाली व्यवस्थित गेला, कडेच्या फळ्या आज काढल्या तेव्हा हनीकोंब (माल न भरल्याने राहिलेल्या पोकळ्या) कुठेही दिसले नाही. गवंड्यांनी थापी फिरवली तेव्हा दोन-चार गोळे वर आले, ते त्यांनी थापीच्या टोकाने दाबून आत बसवले. माल अजून ओला असताना आम्ही वरच्या आणि खालच्या थरातून वेगवेगळा माल काढून दोन साच्यांत वजन करून पाहिला. दोन्हींत ५० ग्रॅमच्या आतलाच फरक आला.

आता तपशिलात स्लम्प ७५ मिमी, २५ मिमीच्या सुटीसह, असा बदल झाला आहे आणि त्याच्या शेजारी ताज्या मालाच्या घनतेचा रकाना नव्याने घातला आहे. प्रत्येक गाडीला दोन्ही नोंदी होतील. परत पाठवलेल्या पहिल्या गाडीबद्दल मी पुरवठादाराच्या कारखान्यातील अधिकाऱ्यांना फोन करून कारण समजावून सांगितले आणि मुकादमांनाही त्यांची परीक्षा बरोबर होती हे सांगितले. उरलेला स्लॅब येत्या शनिवारी सकाळी सात वाजता भरायला घेत आहोत.